व्हेंडर ड्रायव्हरची ऑफर घ्यावी का?

तुझं पत्र वाचलं. शेवटचं वर्ष, वायफाय चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ड्रायव्हर टीमची ऑफर हातात, पण तिथलं सगळं काम कंपनीच्या स्वतःच्या कमांडवर चालतं, आणि सिनियर म्हणतोय की तिथे गेलं की माणूस अडकतो, त्यापेक्षा मेनलाइन लिनक्सचं, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या मूळ लिनक्स कर्नलचं, काम मिळेपर्यंत थांब.

माझं मत, थांबू नकोस. सिनियरची भीती उगाच नाहीये म्हणा. वायरलेस एक्स्टेन्शन्सच्या, म्हणजे लिनक्सच्या जुन्या वायफाय इंटरफेसच्या, काळात प्रत्येक ड्रायव्हरचे आपापले प्रायव्हेट आयओसीटीएल (ड्रायव्हरला हुकूम द्यायचे कॉल) असायचे, काम तेच पण नाव आणि फॉरमॅट वेगळा, त्यामुळे टूल लिहिणाऱ्यांचे हाल. मग सीएफजी८०२११ (वायफाय सेटिंगचा कर्नलमधला कॉमन थर) आणि एनएल८०२११ (बाहेरचे प्रोग्रॅम त्याच्याशी ज्यातून बोलतात तो इंटरफेस) आले, २००७ मध्ये मॅक८०२११ (वायफायचं कॉमन काम सॉफ्टवेअरमध्ये करणारा थर) मेनलाइनमध्ये गेलं आणि बरीच शिस्त आली. तरी व्हेंडर कमांडचा, म्हणजे एकेका चिप कंपनीच्या खास कमांडचा, दरवाजा एनएल८०२११ मध्ये मुद्दाम ठेवलाय, कारण चिप आधी बाजारात येते आणि कॉमन इंटरफेसवर एकमत व्हायला वेळ लागतो.

खरं स्किल इथेच आहे: कुठली गोष्ट प्रायव्हेट ठेवायची आणि कुठली सगळ्यांसाठी मांडायची हे कळणं. एसएआर बघ, म्हणजे शरीरात किती रेडिओ ऊर्जा शोषली जाते त्याचं माप; म्हणून डिव्हाइस शरीराजवळ असताना ट्रान्समिट पॉवरवर मर्यादा घालतात. त्यासाठी क्वालकॉमची वेगळी व्हेंडर कमांड होती, पण ही गरज काही एकाच कंपनीची नाही, म्हणून कर्नल ५.११ मध्ये कॉमन कमांड आली. उलट एखाद्या फर्मवेअरचा (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) स्वतःचा विचित्रपणा असेल तर तो जनरिक करण्यात काही अर्थ नाही. आणि एकाच चिपकडे बघून घाईत कॉमन इंटरफेस बनवणं तर जास्त महागात पडतं, कारण युजरस्पेस, म्हणजे कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम, त्यावर एकदा अवलंबून झालं की कर्नलला तो सहजासहजी मोडता येत नाही, चुकीचा अ‍ॅट्रिब्यूट वर्षानुवर्षं सांभाळत बसायचं. हे नुसतं पुस्तक वाचून येत नाही, खऱ्या चिपवर काम केलं की येतं.

म्हणून जॉइन हो, पण पाया कॉमन स्टॅकचा कर. मॅक८०२११_एचडब्ल्यूसिम लोड कर, हार्डवेअरशिवाय खोटे रेडिओ मिळतात, एकावर होस्टएपीडी (अ‍ॅक्सेस पॉइंट बनवणारा प्रोग्रॅम) आणि दुसऱ्यावर डब्ल्यूपीए_सप्लिकंट (त्याला जोडणारा) चालव आणि आयडब्ल्यू या टूलने इव्हेंट बघत बस. मग एटीएच९के आणि बीआरसीएमएफमॅक हे दोन ड्रायव्हर शेजारी शेजारी ठेवून वाच: पहिला मॅक८०२११ वर बसतो, दुसऱ्यात बरंचसं काम फर्मवेअरच करतं म्हणून तो थेट सीएफजी८०२११ शी बोलतो. एवढं समजलं ना, की कंपनीचा कोड परका वाटणार नाही.

सही करायच्या आधी एचआरला नाही, टीम लीडला विचार की तुमचे पॅच (कोडमधले बदल) मेनलाइनला जातात का, की दर नव्या कर्नलला बाहेरचाच ड्रायव्हर पोर्ट करत बसता. दुसरं उत्तर आलं तर मात्र सिनियरचं म्हणणं परत एकदा मनावर घे. आणि स्वतःच्या वेळेत पाठवलेल्या पॅचबद्दल कंपनीचा नियम काय आहे ते लेखी घे, तोंडी आश्वासन चालणार नाही.