मेंदूज्वराचा कोड चुकला म्हणून

प्रश्न : मुलगी बीएस्सी मायक्रोबायोलॉजी झाली आहे. दोनदा नीट दिली, जमलं नाही. आता मेडिकल कोडिंगचा, म्हणजे रुग्णाच्या फायलीतल्या आजारांना ठरावीक कोड देण्याच्या कामाचा, क्लास लावलाय. सराव परीक्षेत तिने एन्सेफलायटिसच्या केसला मेनिंजायटिसचा कोड दिला. मायक्रोबायोलॉजीच्या मुलीला एवढा फरक कळू नये? क्लास सोडवून बँकेच्या परीक्षेला बसवू का? – एक वडील, नागपूर

उत्तर : तुम्ही तिच्या उत्तरपत्रिकेचा फोटो पाठवलात. चुकलेल्या उत्तराभोवती लाल गोल आहे आणि शेजारी निळ्या पेनाने दोन उद्गारचिन्हं. क्लासचे सर लाल पेनाने तपासतात, म्हणजे ती चिन्हं घरात कुणीतरी काढली. फोटो पाठवण्याआधी तिला विचारलं होतंत का? मला कोडपेक्षा त्या दोन चिन्हांची जास्त काळजी वाटते. नीटचा निकाल तुम्ही अजून पचवलेला नाही आणि त्याचा हिशेब ती प्रत्येक चाचणीत चुकता करतेय.

आता चुकीबद्दल. मेनिंजायटिस म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज, एन्सेफलायटिस म्हणजे खुद्द मेंदूला. आपल्याकडे बातम्यांत दोन्हींना सर्रास मेंदूज्वरच म्हणतात. १९६५ साली तुमच्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात जो विषाणू सापडला, तो मुलांमध्ये एन्सेफलायटिस घडवतो. घरोघरी त्यालाही मेंदूज्वरच म्हटलं गेलं. केसमध्ये मान आखडलेली होती, पाठीतून काढलेल्या पाण्यात पेशी वाढलेल्या होत्या. ते वाचून तिने ए८७.९, म्हणजे व्हायरल मेनिंजायटिस लावलं. पण डिस्चार्ज समरीत डॉक्टरांनी स्पष्ट 'व्हायरल एन्सेफलायटिस' लिहिलंय. कोड ए८६.

तुमचा गैरसमज इथेच आहे. कोडरला आजार ओळखायचा नसतो. ती अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या फायली कोड करणार. तिथला नियम कडक आहे : रिपोर्टमधले आकडे पाहून स्वतः निदान करायचं नाही, डॉक्टरांनी लिहिलेलं निदान कोड करायचं. भरतीच्या कागदावर मेनिंजायटिस, डिस्चार्जवर एन्सेफलायटिस आणि मधे काहीच खुलासा नसेल, तर डॉक्टरांना लेखी विचारायचं, त्याला क्वेरी म्हणतात. 'प्रोबेबल' लिहिलेलं निदान दाखल रुग्णाच्या डिस्चार्जवर असेल तर पक्क्यासारखं कोड होतं, ओपीडीत होत नाही. मुलीला विज्ञान येत नाही म्हणून ती चुकलेली नाही. विज्ञान येतं, म्हणून ती डॉक्टरांच्या पुढे धावली. तुम्ही नातेवाइकांना 'डॉक्टरच्या जवळचंच काम' सांगता, असं पत्रात लिहिलंय. तेच डोक्यात घेऊन ती पेपर सोडवत असेल, तर मला नवल वाटणार नाही. ते सांगणं बंद करा.

सीपीसी, म्हणजे कोडरच्या प्रमाणपत्राची परीक्षा, १०० प्रश्नांची, ४ तासांची, कोडची पुस्तकं जवळ ठेवून द्यायची. सुरुवातीला सीपीसीपुढे शिकाऊ असल्याचा 'ए' लागतो, अनुभवाने जातो. बँकेची वाट तुम्हाला माहीतच आहे, पण तिथे जायचं का हे तिने ठरवावं, तुम्ही नाही.

उत्तरपत्रिका तिला परत द्या. तीच केस तिला पुन्हा सोडवू द्या, आधी डिस्चार्ज समरी वाचून. तेव्हा तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.