बाटलीवरचा नंबर

प्रिय मुली,

'नुसत्या चादरी बदलायला ठेवलंय का आम्हाला?' असं तू फोनवर म्हणालीस. मला राग नाही आला. लिंडा रिचर्ड्स आठवल्या.

१८७० च्या आसपास त्या बॉस्टनमधल्या एका हॉस्पिटलात नर्सिंग शिकायच्या ओढीने गेल्या, तर हातात झाडू-फडकं आलं. तीन महिन्यांत सोडलं त्यांनी. पुढे १८७२ मध्ये बायका-मुलांसाठीच्या न्यू इंग्लंड हॉस्पिटलने नर्सिंगचा वर्ग काढला, तेव्हा पहिलं नाव यांचं. विद्यार्थिनी अवघ्या पाच. पहाटे साडेपाचला उठायचं, झोपायची खोली वॉर्डांच्या मधोमध, म्हणजे रात्रीही हाक आली की पळायचं. पुस्तक नाही, युनिफॉर्म नाही, शेवटी परीक्षाही नाही! १८७३ मध्ये डिप्लोमा मिळाला. अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित नर्स म्हणून त्यांचं नाव घेतात ते त्यामुळे.

मला मात्र त्यातली एकच गोष्ट खुपते. औषधाच्या बाटल्यांवर नावं नसायची, नुसते नंबर. नर्सला औषधाचं नाव कळू नये म्हणून मुद्दाम. द्यायचं तिने, पण काय देतोय ते तिला ठाऊक नाही.

असं शिकलेल्या बाई न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात रात्रपाळीच्या प्रमुख झाल्या आणि तिथे प्रत्येक पेशंटची वेगळी नोंद, म्हणजे आपला चार्ट, लिहू लागल्या. तोवर रात्री काय झालं ते सकाळी तोंडीच सांगायचे. पुढे बॉस्टनला त्यांनी ट्रेनिंग स्कूल सांभाळलं, इंग्लंडला जाऊन नाइटिंगेलबाईंना भेटून आल्या, १८८६ मध्ये जपानला जाऊन क्योटोत नर्सेस तयार केल्या. कर्तृत्व मोठंच, पण माझ्या रोजच्या कामात पुरून उरलाय तो चार्टच.

तो चार्ट मी एकदा कोरा ठेवला होता. नोकरीचं दुसरं वर्ष. रात्री एका आजींची लघवी कमी झालेली दिसली. सकाळी हँडओव्हरमध्ये, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, मी सांगितलंही, पण त्याच वेळी समोरच्या बेडवर गडबड उडाली आणि ऐकणारीच्या कानावरून ते गेलं. दुपारच्या राउंडपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. आजी वाचल्या. डॉक्टरांनी चार्ट उलटा-पालटा करून पाहिला आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. आउटपुटचा, म्हणजे लघवी किती झाली त्याचा, रकाना रिकामा होता.

तेव्हा चादर बदलताना पेशंटची पाठ बघत जा, पडून पडून जखम होतेय का ते. लाल चट्टा दिसला तर किती मोठा, नेमका कुठे, किती वाजता पाहिलास ते लिही. 'पेशंट बरा आहे' एवढंच लिहू नकोस, त्यातून सकाळच्या सिस्टरला काही कळत नाही. आणि देतेस त्या प्रत्येक गोळीचं नाव वाच, कशासाठी आहे ते विचार. कुणी 'तुला काय करायचंय?' म्हटलं तरी विचार.

नाइट संपली की आधी झोप, मग फोन कर.

तुझी,
सिस्टर