वेबसाइट डाऊनलोड करून ठेवली की इंटरनेटवरची कला जपली गेली का?

प्रश्न असा आहे की आर्ट म्युझियमने इंटरनेटवर बनलेली कला जपायची कशी अन् लोकांना दाखवायची कशी, साइट डाऊनलोड करून हार्डडिस्कवर टाकली तर काम भागत नाही का. नाही भागत भाऊ. मी जळगावात वेबसाइटचीच कामं करतो म्हणून जरा पोटतिडकीने लिहितोय.

आपल्याकडे चाळीसगावला केकी मूस यांचं कलादालन आहे, टेबलावर छोट्या छोट्या वस्तू मांडून त्यांनी जे फोटो काढले ते त्याच वेळी पूर्ण झाले, आता ते ओल-वाळवीपासून सांभाळायचे. नेटवरची कलाकृती दरवेळी उघडताना नव्याने चालते, तिला ब्राउझर, सर्व्हर, प्लगइन (ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम), फॉन्ट सगळं लागतं, आणि त्यातलं एक जरी बंद पडलं तरी फाइल जागेवर राहते पण कलाकृती गेलेली असते. 2020 च्या शेवटी फ्लॅश (ब्राउझरमध्ये ॲनिमेशन अन् गेम चालवणारं प्लगइन) बंद झालं तेव्हा कितीतरी कामांचं हेच झालं, रफलसारख्या एम्युलेटरमुळे (जुन्या सॉफ्टवेअरची नक्कल करून ते आज चालवणारा प्रोग्राम) त्यातली बरीच परत दिसायला लागली.

डग्लस डेव्हिसचं 1994 चं काम बघा. कोणीही यायचं अन् एकाच वाक्यात आपली भर घालायची, अट एकच, पूर्णविराम द्यायचा नाही. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमकडे ते आलं, पण काही वर्षांनी चालेनासं झालं, आतल्या लिंक मेल्या, कोरियन मजकुराचा कचरा झाला (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच प्रमाण पद्धत, येण्याआधीच्या मराठी साइट ज्यांनी उघडून पाहिल्यात त्यांना हे लगेच कळेल, फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरं अन् चिन्हं). 2013 मध्ये व्हिटनीने मला फार पटलेली गोष्ट केली, दोन प्रती ठेवल्या. एक जुनी, मोडक्या लिंकांसकट जशीच्या तशी, आणि दुसरी दुरुस्त केलेली, जिच्यात लोकांना पुन्हा लिहिता यावं. एकच ठेवली असती तर एकतर इतिहास गेला असता नाहीतर लोकांचा सहभाग.

दाखवायचं म्हणाल तर ओल्या लियालिनाचं 1996 चं 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर' घ्या. काळ्या स्क्रीनवर एका वाक्यावर क्लिक केलं की चौकट फुटून दोन होतात, मग आणखी लहान, युद्धावरून आलेला तो अन् त्याची ती एकमेकांशी बोलताहेत पण दुरावताहेत, आणि त्या काळच्या मोडेमवर चित्रं सावकाश उतरायची, तो थांबण्याचा वेळ बोलण्यातल्या अवघडलेपणात मिसळून जायचा. आता हे मोठ्या प्रोजेक्टरवर व्हिडिओ करून लावलं तर काय उरलं? प्रेक्षकाला खुर्ची द्या, माऊस द्या, जुना मॉनिटर मिळाला तर उत्तम, नाहीतर एम्युलेटरमध्ये जुना ब्राउझर लावा, अन् वेगही मुद्दाम कमी ठेवा.

साठवण्यासाठी रायझोम या डिजिटल कलेसाठी काम करणाऱ्या संस्थेने वेबरेकॉर्डर नावाचं साधन काढलं, माणूस पानावर क्लिक करत जातो तसतसं ते जमा करत जातं, पुढे ते कॉनिफर नावाने चालू राहिलं. साधा डाऊनलोडर क्लिकनंतर उघडणारं बरंच काही सोडून देतो म्हणून हे बरं पडतं. तरी सर्व्हरवरचा कोड अन् डेटाबेस यात येत नाही, तो कलाकाराकडूनच मागून घ्यावा लागतो.

आणि माझ्या मते सगळ्यात आधीचं काम म्हणजे कलाकार हयात असताना त्याच्याशी बसून बोलणं. गुगेनहाइम म्युझियमने यासाठी व्हेरिएबल मीडिया नावाने प्रश्नावलीच बनवली होती. रंग बदलला तर चालेल का, नवीन भाषेत कोड लिहिला तर चालेल का, की तुमच्या मते हे काम बंदच पडू द्यावं? शू ली चांगचं 'ब्रँडन' हे वेबवरचं काम गुगेनहाइमने 2017 मध्ये परत उभं केलं तेव्हा बंद पडलेल्या जावा ॲपलेटच्या (पानात चालणाऱ्या छोट्या जावा प्रोग्रामच्या) जागी नवा कोड घातला, मूळ कोड मात्र फेकला नाही.

छोट्या म्युझियमलाही यातलं बरंच जमेल, मोठी मशिनरी लागत नाही. फक्त कलाकृती घेतानाच ठरवा की डोमेन (साइटचा पत्ता) दरवर्षी रिन्यू कोण करणार अन् त्याचे पैसे कुठल्या खात्यातून जाणार, कारण माझ्या कामात मी साइट बंद पडलेल्या बघतो त्या बहुतेक इथेच अडकलेल्या असतात.