मज्जेतली ती फिकट पेशी: रेटिक्युलर की मॅक्रोफेज?

रॅटच्या फीमरमधल्या (मांडीच्या हाडातल्या) मज्जेचा टीईएम, म्हणजे ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा, फोटो आहे, रक्तपेशींच्या गर्दीत एक फिकट पेशी लांब हातपाय पसरून बसलीय, तिला रेटिक्युलर (मज्जेचं आधाराचं जाळं बनवणारी) म्हणायचं की मॅक्रोफेज (टाकाऊ पेशी गिळणारी), असा तुमचा प्रश्न आहे.

मी आधी पेशी बघतच नाही, सायनसची (मज्जेतल्या रुंद, पातळ भिंतीच्या रक्तवाहिनीची) भिंत शोधतो. भिंतीला आतून एन्डोथेलियमचा, म्हणजे अस्तराच्या पेशींचा, पातळ थर असतो आणि बाहेरून ॲडव्हेन्शियल (बाहेरच्या बाजूच्या) रेटिक्युलर पेशींचं अर्धवट पांघरूण. मधली बेसल लॅमिना (पेशींखालचा आधाराचा पातळ पापुद्रा) तीही तुटक. याच रेटिक्युलर पेशी तिथून रक्तपेशींच्या मधे फांद्या सोडतात. तुमच्या पेशीचा एखादा हात भिंतीला बाहेरून चिकटलेला सापडला, तर निम्मं काम झालं.

पण हात सापडेलच असं नाही. सेक्शन जेमतेम ७० नॅनोमीटरचा, म्हणजे १० मायक्रॉनच्या पेशीचे शंभरावर काप पडतात. त्यामुळे मायलोसाइट्सच्या (घडत असलेल्या पांढऱ्या पेशींच्या) मधे सायटोप्लाझमच्या सुट्या पट्ट्या दिसतात. सुरुवातीला मी त्यांना कचरा समजून सोडून द्यायचो. खरा स्ट्रोमा, म्हणजे मज्जेचा आधाराचा सांगाडा, तोच होता!

आता पेशीच्या आत. रेटिक्युलर पेशीत ऑर्गनेल्स (पेशीची अंगकं) कमी, लायसोसोम (पाचक रसांच्या पिशव्या) तुरळक, आवरणाखाली मायक्रोफिलामेंट्सच्या (बारीक तंतूंच्या) जुड्या. मॅक्रोफेज मात्र खाऊन बसलेला असतो: फॅगोसोम (गिळलेल्या मालाच्या पिशव्या), फेरिटिनचे (लोह साठवणाऱ्या प्रथिनाचे) काळे कण, कधी एरिथ्रोब्लास्टनं (घडत असलेल्या तांबड्या पेशीनं) टाकलेलं केंद्रक अर्धवट पचलेलं. भोवती एरिथ्रोब्लास्टचं कडं असेल तर ते रक्तशास्त्रज्ञ बेसिसनं १९५८ मध्ये वर्णन केलेलं बेट. फसायला होतं ते चरबीच्या थेंबांमुळे. रेटिक्युलर पेशीतही चरबी साठते आणि थेंब फॅगोसोमसारखा वाटतो. मॅग्निफिकेशन वाढवून कड बघा: फॅगोसोमला लिपिडच्या दोन थरांचं पटल असतं, थेंबाला तसं नसतं.

तरी अडलंच तर अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमची चाचणी. वेस्टन आणि बेंटन यांनी १९७९ मध्ये रॅटमध्येच दाखवलंय की ग्रॅन्युलोसाइटच्या (दाणेदार पांढऱ्या पेशीच्या) पूर्वपेशींजवळच्या रेटिक्युलर पेशी त्याला पॉझिटिव्ह येतात. ती प्रक्रिया एम्बेडिंगच्या (तुकडा रेझिनमध्ये बसवण्याच्या) आधी करावी लागते, तयार ब्लॉकवर नाही.

आणि एक. फिकटपणावर फार भिस्त ठेवू नका. फिक्सेशन (रसायनानं पेशी आहे तशी टिकवणं) बिघडलं की सगळंच फिकट दिसतं. शेजारच्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया फुगलेत का ते आधी तपासा. मज्जा सुईनं ओढून घेतली असेल तर सायनस फाटलेलेच मिळणार. ग्लुटरअल्डिहाइड (फिक्स करणारं रसायन) रक्तवाहिन्यांतून सोडून, म्हणजे परफ्यूज करून, घेतलेला तुकडा हवा.

तुमच्या फोटोत भिंत चौकटीबाहेर गेलीय. त्याच ग्रिडवर (सेक्शन ठेवायच्या जाळीवर) २,००० पटीला उतरून आजूबाजूचा भाग टाका, मग नक्की सांगता येईल.