जीभ गावठी नसते: घरातल्या पहिल्या तीन बाटल्यांबद्दल

तुमच्या पत्राचं उत्तर देतो, पण आधी नाशिकहून आणलेल्या त्या वाइनच्या तिन्ही बाटल्या फ्रिजच्या डोक्यावरून खाली उतरवा, मग पुढचं वाचा. फ्रिजच्या वर आणि मागे दिवसभर ऊब असते, शिवाय मोटरची थरथर. वाइन ठेवायला याहून वाईट जागा म्हणजे गॅसची शेगडीच. हे मी स्वतःच्या मूर्खपणावरून सांगतोय. लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला उघडू म्हणून एक बरी रेड मी दोन उन्हाळे तिथेच ठेवली होती. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे कुठेतरी ऐकलेलं. उघडली तेव्हा रंग विटकरी झाला होता आणि चव उकळून आटवलेल्या मनुकांच्या पाण्यासारखी लागत होती. बायकोने एक घोट घेतला, ‘छान आहे’ म्हणाली आणि ग्लास हळूच तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिला.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्या हिशेबानेच केलेल्या असतात. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, पण कोशिंबीर मुरत नाही. तुमची सॉव्हिन्याँ ब्लाँ, म्हणजे ती व्हाइट, ही कोशिंबीर आहे, या शनिवारी उघडा. शिराज, म्हणजे तुमची रेड, वर्षभर थांबेल, पण अंधाऱ्या, थंड कपाटाच्या तळाशी. बूच असेल तर आडवी ठेवा, म्हणजे ते ओलं राहतं. फिरकीचं झाकण असेल तर कशीही. आणि फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल असं मुळीच नाही. आपल्याकडच्या हवेत तर मला तेच जास्त भरवशाचं वाटतं.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की नाशिकला जाऊन एक व्हाइट, एक रेड आणि एक स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची, आणलीत, शनिवारी चार जण जेवायला येणार आहेत आणि बेत तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा आहे. तिथल्या टेस्टिंगमध्ये सांगणारा ब्लॅककरंट, लेदर, ओक म्हणत होता आणि तुम्हाला मात्र एक ‘आंबट’ आणि दुसरी ‘तुरट’ एवढंच कळलं. ‘माझी जीभ गावठी आहे का?’

अहो, तुम्ही दोन्ही उत्तरं बरोबर दिलीत! व्हाइटमध्ये पहिल्यांदा शोधायचं ते आम्ल आणि रेडमध्ये टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा. टॅनिनला इंग्रजीत धड घरगुती शब्द नाही, बिचारे कोरडं, खरखरीत, पकड घेणारं असं काहीबाही म्हणत बसतात. आपल्याकडे आवळा, जांभूळ, सुपारी, कच्चं केळं यांच्यामुळे ‘तुरट’ हा सहा रसांपैकी एक म्हणून लहानपणीच शिकवलेला असतो. ब्लॅककरंट मी नाशिकच्या वाइन प्यायला लागल्यावर दहा वर्षांनी पहिल्यांदा खाल्लं. तोवर मी जांभूळ आणि करवंद म्हणत होतो आणि अजूनही तेच म्हणतो. दुसऱ्याच्या फळबागेतले शब्द पाठ करण्यापेक्षा आपल्या मंडईतले वापरावेत.

शनिवारच्या आधी स्वयंपाकघरात दोन प्रयोग करा, वाइन न उघडता. कोरा चहा करा, साखर नको. एका कपात पत्ती दोन मिनिटं, दुसऱ्यात दहा मिनिटं. कोमट झाल्यावर दोन्ही तोंडात घोळवा. दुसऱ्याने हिरड्या आणि गाल आतून ओढल्यासारखे होतील. ते टॅनिन. आता त्याच कपात दूध घाला. तुरटपणा मवाळ होतो, कारण दुधातली प्रथिनं टॅनिनला पकडून ठेवतात. रेडसोबत चीज का देतात ते कळलं ना? दुसरा प्रयोग लिंबूपाण्याचा. बिनसाखरेचं लिंबूपाणी प्यायल्यावर जबड्याच्या मागच्या कोपऱ्यांत पाणी सुटतं, ते आम्ल. साखर घातली की आम्ल जात नाही, फक्त लपतं. वाइनमध्येही फळाचा वास आला म्हणून ती गोड असते असं नाही. ‘ड्राय’ म्हणजे साखर जवळजवळ सगळी आंबून संपलेली. नाकाला पेरू आणि जिभेला लिंबू, असा प्रकार असू शकतो.

वासाचं म्हणाल तर काही गोष्टी कल्पनेच्या नसतात. सॉव्हिन्याँ ब्लाँमध्ये ढोबळी मिरची चिरल्यासारखा हिरवा वास येतो, कारण दोन्हीत पायराझिन नावाच्या संयुगांचं एकच कुटुंब असतं. शिराजमध्ये काळ्या मिरीचा वास आला तर तो रोटंडोनमुळे. हे संयुग मिरीतही असतं, आणि शिराजमध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये शोधून काढलं. म्हणजे ग्लास नाकाशी नेऊन तुम्ही ‘मसाल्याचा डबा उघडल्यासारखं वाटतं’ म्हणालात तर कुणाला हसू देऊ नका.

पण लेदर, तंबाखू, ओला दगड असली लांबलचक यादी कुणी वाचून दाखवली तर सगळंच खरं मानू नका. २००१ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक व्हाइट वाइन दिली आणि तीच वाइन वास नसलेला लाल रंग घालूनही दिली. लाल दिसणाऱ्या ग्लासाचं वर्णन करताना त्यांनी रेड वाइनचे शब्द वापरले. शिकलेली नाकंही डोळ्यांचं ऐकतात. मला या प्रयोगाने फार धीर दिला.

तर चाखायचं कसं? ग्लास एक तृतीयांशच भरा, टेबलावर ठेवूनच दोन वेढे फिरवा (हातात उचलून फिरवायचा हट्ट केलात तर पांढरा कुर्ता घालू नका), वास घ्या, मग बऱ्यापैकी मोठा घोट तोंडभर फिरवा आणि चार प्रश्न विचारा. आंबट किती, तुरट किती, गोडी आहे का, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. दोन सेकंदांत पुसली जाणारी वाइन साधी, दहा-पंधरा सेकंद मागे राहणारी बरी. काचेवरून ओघळणारे थेंब बघून ‘वा, काय बॉडी आहे’ म्हणणारे भेटतील. ते ओघळ मुख्यतः अल्कोहोलमुळे येतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. आणि तीन बाटल्या एकेका दिवशी उघडण्यापेक्षा दोन शेजारी-शेजारी ठेवून चाखा. एकटी वाइन फक्त ‘वाइनसारखी’ लागते, फरक कळतो तो तुलनेत.

थंडाव्याबद्दल मात्र मी हट्टी आहे. महाराष्ट्रात वाइन बिघडते ती जास्त करून इथेच. ‘रेड रूम टेंपरेचरला द्यावी’ हा नियम युरोपातल्या जुन्या, गारठलेल्या घरांचा आहे. ती खोली १६ ते १८ अंशांची असते. पुण्यात मे महिन्यात आपली खोली ३४ ची. त्या तापमानाला शिराजमधून फक्त अल्कोहोलचा भपका येतो आणि बाकी सगळं त्याखाली दबतं. म्हणून रेड वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये. व्हाइट तीन तास फ्रिजमध्ये आणि ८ ते १० अंशांच्या आसपास वाढायची. स्पार्कलिंग त्याहून गार, ६ ते ८. अगदी दगड गार केलीत तर वास मिटतो, मग ग्लास तळव्यांत धरून थोडी ऊब द्या. एरवी ग्लास दांडीला धरायचा तो याच कारणासाठी, तोऱ्यासाठी नाही. पाहुणे दारात आणि बाटली गरम अशी वेळ आली तर बादलीत बर्फ, तेवढंच पाणी आणि मूठभर मीठ घाला. वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात होत नाही, कारण बर्फाचे खडे बाटलीला जेमतेम टेकतात.

स्पार्कलिंग आधी उघडा. आत पाच-सहा वातावरणांचा दाब असतो, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे सत्काराला उडवतात तशी उडवायची नाही, विशेषतः पंखा आणि पाहुण्यांचे चष्मे यांच्या दिशेने. कागद काढा, अंगठा बुचावर दाबून ठेवूनच तारेची जाळी सैल करा, बाटली तिरपी धरा, बूच घट्ट पकडा आणि बूच न फिरवता बाटली फिरवा. ‘फुस्स’ असा हलका आवाज आला पाहिजे. मोठा धमाका म्हणजे बुडबुडे वाया. बाकी बाटल्यांना हॉटेलातल्या वेटरकडे असतो तसला घडीचा स्क्रू घ्या, पंख असलेले शोभेचे नकोत. बूच तुटलंच तर ढकला आत आणि चहाच्या गाळणीतून गाळा. आमच्या घरात हे तीनदा झालंय, कुणी मेलेलं नाही.

ग्लास कुठले? पातळ काचेचे, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळते, सगळ्यांना एकच चालतील. व्हाइटचे वेगळे, रेडचे वेगळे ही पुढची चैन. स्टीलच्या पेल्यात मात्र नको. आणि ग्लास धुताना साबणाचा वास राहू देऊ नका.

आता तांबडा रस्सा. वाईट बातमी आहे. मिरचीची आग ज्या नसांना कळते त्याच नसांना अल्कोहोलही चाळवतं, त्यामुळे तिखटावर १४ टक्क्यांची शिराज म्हणजे चुलीत रॉकेल. वर टॅनिन कडवट लागतं, ते वेगळंच. मी तुमच्या जागी असतो तर वाइन आणि रस्सा यांची भेटच होऊ दिली नसती. पाहुणे आले की पहिला तासभर वाइन. कोथिंबीर वडी, अळूवडी, तळलेले बोंबील, जे जमेल ते, त्यासोबत स्पार्कलिंग आणि व्हाइट. आम्ल आणि बुडबुडे तळणाचं तेल धुऊन काढतात, भज्यांवर लिंबू पिळल्यासारखं. मग शिराज, सोबत भाजलेलं पनीर नाहीतर मिरी लावलेलं सुकं मटण, पण लाल तिखट बेताचं. मिरी आणि शिराज म्हणजे एकाच गावचे. त्यानंतर ग्लास आवरून ठेवायचे आणि रस्सा, भाकरी, कांदा, लिंबू असं शांतपणे जेवायचं. रश्शाशी एखादी वाइन निभावते तर किंचित गोडी राखलेली शेनिन ब्लाँ ही व्हाइट, गार करून. पण तुम्ही ती आणलेलीच नाही, तर जाऊ दे.

हिशेबही सांगतो. एका बाटलीत ७५० मिली, म्हणजे चार पाहुणे आणि तुम्ही दोघं अशा सहा जणांना सव्वाशे मिलीचा एकेक ग्लास. तिन्ही बाटल्या मिळून प्रत्येकी तीन ग्लास, यापेक्षा जास्त आणायची गरज नाही. ‘वाइन म्हणजे काय, द्राक्षाचा रस!’ म्हणणारा एक पाहुणा असतोच. १३ टक्क्यांच्या १५० मिली वाइनमध्ये साधारण साडेएकोणीस मिली शुद्ध अल्कोहोल असतं, व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १३. तेव्हा गाडीच्या किल्ल्या टोपलीत. हृदयाला चांगली म्हणून पिणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही. चवीसाठी प्या, औषध म्हणून नको. औषधासाठी आजीच्या कपाटात द्राक्षासव होतंच. आणि शिवाय येणारा भाचा १९ वर्षांचा आहे म्हणालात, त्याला कोकम सरबत, महाराष्ट्रात वाइनसाठी २१ पूर्ण लागतात.

शाकाहारी पाहुण्यांनी विचारलं तर सांगायला एक गोष्ट. वाइन नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, काही ठिकाणी नुसती बेंटोनाइट माती. लेबल आधी वाचून ठेवा.

पुढच्या वेळी नाशिकला जाल तर जानेवारी अखेर ते मार्च या काळात जा. युरोपात काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते, आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळा संपतानाची गोडी छाटणी असा दोन छाटण्यांचा घाट घालून पीक थंडीत आणलेलं असतं. कुणी काढू दिलं तर वेलीवरचं शिराजचं एक द्राक्ष दातांनी फोडा. बारीक, जाड सालीचं, बियांचं, आणि आपल्या थॉमसन सीडलेसपेक्षा कितीतरी गोड. रस पांढराच निघेल. मग नुसती साल चावा. रंग तिथे आहे आणि तुमचा तो ‘तुरट’ही तिथेच.

हॉटेलात बाटली मागवलीत की वेटर एक घोटभर ओततो. पहिल्यांदा मी ‘एवढीच?’ अशा नजरेने त्याच्याकडे बघत राहिलो होतो. तो घोट आवडली की नाही हे सांगायला नसतो, बाटली बिघडलेली नाही ना हे बघायला असतो. ओल्या पुठ्ठ्याचा, पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा वास आला तर बुचाचा दोष आहे, बिनधास्त परत करा. मी तेव्हा लाजून अख्खी बाटली प्यायलो होतो.

शनिवारी काही उरलंच तर व्हाइट आणि रेड दोन्ही झाकण लावून फ्रिजमध्ये, तीन दिवस सहज टिकतात. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा उभा ठेवला की बुडबुडे टिकतात असं तुमची एखादी वहिनी सांगेल, त्याने काही होत नाही. शिराजचा तळाशी उरलेला अर्धा कप मटण परतताना टाका, पण कांदा लाल झाल्यावर.