अरीथाच्या बाबांनी काय केलं

प्रिय सई,

रविवारी गाडीत तू तो प्रश्न विचारलास आणि पाऊस नसताना मी वायपर सुरू केले, ते तुझ्या लक्षात आलं असणारच. तेव्हा उत्तर दिलं नाही, म्हणून आता लिहितोय. मराठीत लिहितोय, अडलीस तर आईला विचार.

मंडळाच्या गणपतीत तू आणि तुझ्या दोन मैत्रिणींनी 'सुंदर ते ध्यान' म्हटलंत. टाळ्यांच्या ठेक्यावर, 'आवडे निरंतर'ला तिघींचे तीन वेगळे सूर, आणि शेवटच्या 'विठ्ठला'वर तू जी काही वळणं घेतलीस ती घेतलीस. पुढच्या रांगेतल्या एका काकांची मान हलली, पण दाद द्यायला नाही. घरी येताना मी म्हणालो, "अभंग असा म्हणत नाहीत." त्यावर तू, शांतपणे: "अरीथाला तिच्या बाबांनी सांगितलं होतं का, असं गाऊ नकोस म्हणून?"

कॉयरच्या बाईंनी तो चर्चमधला सिनेमा दाखवल्यापासून तू त्या गायिकेच्या, अरीथा फ्रँकलिनच्या मागे लागली आहेस, हे मला माहीत होतं. गेले तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत मीही तेच करतोय. मी सत्तावीस वर्षं या डेट्रॉइटच्या आसपास राहतोय आणि ती इथली, एवढंच मला ठाऊक होतं. नोकरीच्या सुरुवातीला मी रोज क्रायस्लर फ्रीवेवरून गाडी हाकायचो. त्या रस्त्याखाली हेस्टिंग्ज स्ट्रीट गाडला गेलाय. काळ्या लोकांची दुकानं, क्लब, सगळं तिथं होतं, आणि तिच्या वडिलांचं न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चसुद्धा. फ्रीवेसाठी ते सगळं पाडलं, मग चर्च लिनवूडवर गेलं. मी त्यावरून जाताना पुलंच्या कॅसेट ऐकत होतो.

तर तिचे बाबा. रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन. त्यांची प्रवचनं ऐकली आणि मला थेट आमच्या गावचे कीर्तनकार आठवले. आधी साधं बोलणं, गोष्ट सांगणं, मग बोलता बोलता आवाज चढतो, शब्द लांबतात आणि कधी गाणं सुरू झालं ते कळत नाही. त्या प्रवचनांच्या तबकड्या निघायच्या आणि खपायच्या. अरीथाचा जन्म १९४२चा, मेम्फिसचा. आई वेगळी राहायला गेली आणि अरीथा दहाची व्हायच्या आतच आई वारली. घरी महालिया जॅक्सन, क्लारा वॉर्ड अशा बायका यायच्या. म्हणजे गॉस्पेलमधली, चर्चच्या भक्तिगीतांमधली देवमाणसंच. पियानो ती कानानेच शिकली. चौदाव्या वर्षी वडिलांच्या चर्चमध्ये तिची पहिली गाणी ध्वनिमुद्रित झाली. वडिलांना संत समजू नकोस. वडील तिला गावोगावच्या कार्यक्रमांना घेऊन हिंडायचे, आणि पंधरा पूर्ण व्हायच्या आत ती दोन मुलांची आई झाली होती. मुलं आजीनं आणि बहिणीनं सांभाळली. बाप म्हणून हे वाचताना मी फोन बाजूला ठेवला.

आता माझ्या अण्णांकडे येतो. तू त्यांना व्हिडिओ कॉलवरचे खोकणारे आजोबा म्हणून ओळखतेस. मी ओळखतो ते दर एकादशीला विठोबाच्या देवळात पेटी घेऊन बसणारे. कराडहून दहा मैल आत. पखवाज, वीणा, दोन्हीकडे टाळकरी, आणि सगळ्याला क्रम: 'जय जय राम कृष्ण हरी', मग रूपाचे अभंग, मग बाकीचे, मग गौळण, शेवटी भैरवी. कुणी मध्येच आगाऊ तान घेतली की अण्णा पेटीचा भाता बंद करायचे. बास, एवढंच. सगळं देऊळ गप्प. रविवारी माझ्या तोंडून जे आलं ना, तो भाता बंद झाल्याचा आवाज होता.

पण गौळण तुझ्या बेबीआत्याची असायची. पुरुषांच्या भजनात ती एकटीच मुलगी, लहान म्हणून चालायची. कृष्ण वाटेत आडवा येतो, पदर ओढतो, घागर फोडतो, आणि ही दहा वर्षांची पोर ते असं लाडिक म्हणायची की म्हातारे टाळकरी हसून एकमेकांकडे बघायचे. तेरा-चौदाची झाली तसं देवळात बसणं बंद झालं. सतरा वर्षांची असताना सांगलीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याचा निरोप आला. अण्णांनी उत्तर दिलं नाही. चार महिने ते तिच्याशी बोलले नाहीत, जसं काही तिनेच त्याला बोलावलं होतं. एकोणिसाव्या वर्षी लग्न. इतकी वर्षं मी हे "तेव्हा तसंच होतं" असं म्हणून सांगत आलो. तसंच होतं, हे खरं. गावात बोललं गेलं असतं, हेही खरं. अण्णा दुष्ट नव्हते गं, घाबरले होते.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की नाही, तिच्या बाबांनी अडवलं नाही. अठराव्या वर्षी ती बाहेरची गाणी, प्रेमाची गाणी गायला निघाली आणि ते तिच्या पाठीशी उभे राहिले. चर्चमधल्या पुष्कळांना ते आवडलं नव्हतं. आमच्या गावापेक्षा त्यांची भाषा वेगळी, म्हणणं तेच. १९६०पासून कोलंबिया रेकॉर्ड कंपनीत सहा वर्षं गेली, नाव झालं पण सूर सापडेना. मग अटलांटिक या दुसऱ्या कंपनीवाल्यांनी तिला पियानोवर बसवलं, चर्चमध्ये बसायची तशी. १९६७ साली 'रिस्पेक्ट' आलं. मूळ गाणं ओटिस रेडिंगचं, घरी आल्यावर मान मागणाऱ्या पुरुषाचं. हिनं त्याच शब्दाची अक्षरं सुटी करून बाईच्या तोंडी घातली आणि गाणं कायमचं हिचं झालं. पुढचं तुला माझ्याहून जास्त माहीत आहे: अठरा ग्रॅमी, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममधली पहिली बाई, ओबामांच्या शपथविधीची ती टोपी.

मी अडकलोय तुझ्या त्या सिनेमात. जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसमधलं एक चर्च, दोन रात्री. एवढी मोठी झालेली बाई पुन्हा देवाची गाणी म्हणायला येते. पहिल्या रात्री ती 'प्रेशस लॉर्ड' म्हणते आणि त्यातच कॅरोल किंगचं मैत्रीचं गाणं मिसळून टाकते. रेडिओवरचं गाणं, चर्चमध्ये! आणि 'प्रेशस लॉर्ड' तरी कुणाचं, तर थॉमस डॉर्सीचं. हा माणूस आधी ब्लूज, म्हणजे चर्चबाहेरचं संगीत वाजवायचा, १९३२मध्ये बायको आणि तान्हं बाळ गेलं तेव्हा त्याने ते रचलं. दुसऱ्या रात्री तिचे बाबा येतात. ती पियानोवर गातेय, घामानं निथळतेय, आणि ते उठून रुमालानं तिचं तोंड पुसतात. ती थांबत नाही. ते तिथंच सांगतात की खरं बघाल तर हिनं चर्च कधी सोडलंच नव्हतं.

तो रुमाल मी चार वेळा मागे नेऊन पाहिला.

मग एक जुनी गोष्ट वर आली. आमच्या जत्रेला तमाशा यायचा. अण्णा अर्थातच जायचे नाहीत. एका वर्षी मी गुपचूप गेलो, तर मागच्या बाजूला चिंचेखाली डोक्यावर उपरणं घेऊन एक माणूस उभा. तमाशाची सुरुवात गणाने होते आणि मग गौळण. तीच गौळण, सई. तोच कृष्ण, तीच घागर, फक्त पखवाजाऐवजी ढोलकी आणि पायात चाळ. लावणी सुरू व्हायच्या आत ते उपरणं निघून गेलं. दुसऱ्या दिवशी चहा घेताना अण्णा भिंतीकडे बघत म्हणाले, "गौळण बरी झाली म्हणतात." बेबीआत्या कप विसळत होती. तिने वर बघितलं नाही.

याचा अर्थ तू हवं तसं म्हण, असा नाही. म्हणजे म्हण, मी कोण सांगणार? पण मला अजूनही वाटतं की आधी एकदा टाळांत बसून ऐकावं, चाल कुठून येते ते बघावं. अरीथासुद्धा आधी त्या बाकांवर बसली होती. हे मी अण्णांसारखं बोलतोय का? असेन. आणि खरं सांगायचं तर तुझ्या त्या लांबवलेल्या 'विठ्ठला'ला माझ्या अंगावर काटा आला होता, आणि त्याच क्षणी मी त्या काकांच्या तोंडाकडे बघितलं. आधी काटा, मग काका. गाडीत मी तुला फक्त काका सांगितले.

तुमचा व्हिडिओ मी न विचारता बेबीआत्याला पाठवला, रागावू नकोस. तिचा एकच निरोप आला: "पोरीची पट्टी कुठली?" मला सांगता आलं नाही. तिची पेटीवरची काळी पाच होती, आता उतरली असेल. शनिवारी रात्री आठला फोन कर. तिकडे साडेपाच वाजलेले असतात, ती उठलेली असते आणि दुधाची वाट बघत बसलेली असते.

तुझा,
बाबा