कॉटन टी-शर्टवरची सब्लिमेशन प्रिंट एका धुण्यातच फिकट का पडते?

दोष हीट प्रेसचा, म्हणजे गरम दाब देऊन प्रिंट उतरवणाऱ्या मशीनचा नाही, कापडाचा आहे. सब्लिमेशनची शाई साधारण २०० अंश सेल्सिअसला वायू होऊन पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. कॉटनमध्ये ती शिरतच नाही, नुसती वर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. तापमान किंवा वेळ वाढवून काही होणार नाही, उलट कापड पिवळं पडेल.

कॉटनसाठी डीटीएफ (डायरेक्ट-टू-फिल्म) ट्रान्सफर घ्या, म्हणजे आधी फिल्मवर छापलेलं आणि मग प्रेसने कापडावर चिकटवायचं डिझाइन. त्यात पांढऱ्या शाईचा थर असल्यामुळे काळ्या टी-शर्टवरही रंग उठून दिसतात. सब्लिमेशनला ते जमत नाही. आधी रिकामा टी-शर्ट गरम प्रेसखाली पाच-सात सेकंद दाबा. पावसाळ्यात तर हे टाळूच नका, कारण कापडातली ओल चिकटण्याच्या आड येते. मग फिल्म ठेवून साधारण १५० ते १६० अंशांवर १० ते १५ सेकंद दाब द्या. फिल्म गरम सोलायची की गार, हे विकणाऱ्याला विचारूनच घ्या; बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. सोलल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा काही सेकंद प्रेस करा, टिकाऊपणात खरंच फरक पडतो.

शिवण किंवा बटण प्रेसखाली आलं तर दाब सारखा बसत नाही आणि कडा सुटतात. पहिली धुलाई एक दिवसानंतर, टी-शर्ट उलटा करून, थंड पाण्यात.